कोंबडीकडून उसना आलेला प्रमोटर

'१६ कोटींचं इंजेक्शन' म्हणून महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालेलं झोलजेन्स्मा हे औषध, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी असलेल्या बाळांच्या पेशींत एक निरोगी मानवी जनुक पोचवतं. जनुक माणसाचं, ते वाहून नेणारं कवच विषाणूचं. पण ते जनुक चालू ठेवणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रमोटर, संकरित आहे. त्याचा एक भाग सायटोमेगॅलोव्हायरसचा आणि दुसरा चक्क कोंबडीच्या बीटा-अ‍ॅक्टिन जनुकाचा. माणसाच्या औषधात कोंबडी कशी आली, याचा माग काढत गेलं की वाट स्नायूंच्या प्रथिनांपाशी येते, आणि या प्रमोटरच्या यशाचं कारणही मला तिथेच दिसतं.

अ‍ॅक्टिन हे प्रथिन स्नायूतून प्रथम वेगळं केलं स्ट्राउब यांनी, हंगेरीतल्या सेगेड इथे, १९४२ च्या सुमारास. पुढे कळलं की ते एकटं नाही, त्याचं कुटुंब आहे: हाडांना जोडलेल्या स्नायूंचं अल्फा, हृदयाचं अल्फा, आणि जवळपास प्रत्येक पेशीत असणारी बीटा व गॅमा. ही भावंडं एकमेकांची जागा कशी घेतात ते पाहायला कोंबडीच्या भ्रूणाइतकं सोयीचं काही नव्हतं. अंड्यातल्या पिल्लाच्या छातीतल्या कोवळ्या पेशी बशीत वाढवल्या की त्या एकमेकींत मिसळून लांब तंतू होतात. आणि नेमक्या त्याच वेळी बीटा-अ‍ॅक्टिन ओसरतं, अल्फा चढतं.

कोंबडीच का, याचं सरळ उत्तर असं दिलं जाईल की तिचं जनुक आधी हाती आलं. ते अर्धंच खरं आहे. कोंबडीच्या बीटा-अ‍ॅक्टिन जनुकाचा पूर्ण क्रम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण उंदराच्या जातीतल्या रॅटचाही त्याच वर्षी झाला. मानवी बीटा-अ‍ॅक्टिनच्या प्रमोटरवर उभारलेले वाहक, म्हणजे पेशीत जनुक नेणारे डीएनएचे सांगाडे, हेही १९८७ मध्ये आले होते. माझा कयास असा, की निर्णायक ठरला तो १९८० चा कोंबडीचा सीडीएनए (आरएनएवरून उतरवलेली डीएनएची प्रत), जो इतर प्राण्यांतली अ‍ॅक्टिन जनुकं हुडकायला वापरला गेला. इथे माझ्या स्नायूच्या सिद्धांताला एक खोच बसते, कारण तो सीडीएनए पिल्लाच्या मेंदूतून काढलेला होता. पण प्रयोगशाळांत कोंबडीचा भ्रूण इतका रुळलेला होता, त्यात स्नायूंच्या अभ्यासाचा वाटा फार मोठा, आणि ते श्रेय मी सोडणार नाही. जपानमध्ये मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याच प्रमोटरवर वाहक उभारला. १९९१ मध्ये निवा, यामामुरा आणि मियाझाकी यांनी त्याला सायटोमेगॅलोव्हायरसचा एन्हान्सर, म्हणजे जनुकाचा जोर वाढवणारा तुकडा, जोडला. तोच कॅग प्रमोटर.

आता खरा पेच. स्नायू तयार होताना बीटा-अ‍ॅक्टिन बंद पडत जातं, मग त्याचाच प्रमोटर स्नायूत का चालावा? १९९७ मध्ये ओसाकातल्या ओकाबे यांच्या गटाने कोंबडीचा हा प्रमोटर वापरून हिरवे चमकणारे उंदीर तयार केले. तांबड्या रक्तपेशी आणि केस सोडून त्यांचं सगळं शरीर उजळलं, स्नायूही. उत्तर १९८८ मध्येच छापून आलं होतं. लोझे आणि आर्नोल्ड यांनी दाखवलं की स्नायूत कोंबडीचं बीटा-अ‍ॅक्टिन कमी होण्याशी प्रमोटरचा संबंध नाही, तो जनुकाच्या शेवटाशी आहे. त्याच वर्षी पॅटर्सन यांच्या गटाने हे नियंत्रण त्या शेवटाकडच्या सुमारे ४० अक्षरांच्या पट्टीत गाठलं. म्हणजे 'थांब' हा हुकूम शेपटीत लिहिलेला आहे. कॅग बांधणाऱ्यांनी पुढचा भाग घेतला: प्रमोटर, पहिला एक्सॉन, पहिल्या इंट्रॉनचा तुकडा. शेपूट सशाच्या ग्लोबिन जनुकाची लावली. थांबवणारी पट्टी मागेच राहिली. तिला गाळण्याचा हेतू असेल असं मला वाटत नाही. वाहक बांधताना जनुकाचं डोकं घ्यायचं आणि शेपूट बदलायची, ही तेव्हाची रीतच होती. ज्या रीतीने ते घडलं, तिनेच हा प्रमोटर सर्वत्र चालणारा झाला.

आक्षेप येईल की सगळा जोर विषाणूच्या एन्हान्सरचा आहे. जोराचं बरंचसं श्रेय त्याचं, हे मान्य. पण लोझे-आर्नोल्ड यांच्या निष्कर्षाला त्या एन्हान्सरची गरज नव्हती. शिवाय बीटा-अ‍ॅक्टिनच्या प्रमोटरमध्ये कार्ग नावाची एक छोटी खूण आहे. तीच खूण स्नायूंच्या अल्फा-अ‍ॅक्टिनच्या प्रमोटरमध्येही आहे, आणि दोन्ही ठिकाणी सीरम रिस्पॉन्स फॅक्टर हेच प्रथिन तिला येऊन चिकटतं. स्नायूच्या पेशीत या प्रथिनाची वाण नसते. शेपटीचा हुकूम गेला की बीटाचं डोकं तिथे परकं उरत नाही. झोलजेन्स्मातला प्रमोटर याच घराण्यातला, कॅगहून आखूड आहे. त्यातल्या जनुकाची शेपूट गाईच्या वाढ-संप्रेरकाच्या जनुकातून घेतली आहे, कोंबडीच्या नाही.