१४६५ विरुद्ध ३१ : एकतर्फी सामन्यांमुळे खेळाचं नुकसान होतं का?

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका मैदानावरचा धावफलक जगभर फिरला. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या होत्या. रिक्षाचालकाच्या मुलाने एकाच डावात हजार धावा काढल्या, ही बातमी तुम्हीही तेव्हा शेअर केली असेल. पण समोरच्या आर्य गुरुकुल शाळेच्या मुलांचं त्या दोन दिवसांत काय झालं, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

असे सामने दरवर्षी होतात, शालेय स्पर्धांत होतात आणि रणजी करंडकातही होतात. निकाल लागला की दोन गट पडतात. एक म्हणतो, 'लहान संघांना मोठ्यांशी खेळवू नका.' दुसरा म्हणतो, 'खेळल्याशिवाय शिकणार कसे?' दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आधी घडलेलं पाहू.

कल्याणमध्ये नेमकं काय झालं?

स्पर्धा होती सोळा वर्षांखालील आंतरशालेय भंडारी कप. सामना दोन दिवसांचा, ४ आणि ५ जानेवारीला. आर्य गुरुकुलने आधी फलंदाजी केली आणि संघ ३१ धावांत बाद झाला. पहिला दिवस संपला तेव्हा धनावडे ६५२ वर नाबाद होता आणि १८९९ मधला ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला होता. दुसऱ्या दिवशीही डाव चालूच राहिला. के. सी. गांधीने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुलचा दुसरा डाव ५२ वर आटोपला. निकाल : एक डाव आणि १३८२ धावांनी विजय.

धनावडेने १२९ चौकार आणि ५९ षटकार मारले. चेंडू लागले सव्वातीनशेच्या आसपास. इतका वेळ उभं राहून फटके मारत राहणं सोपं नाही, त्यामुळे त्याच्या खेळीला कमी लेखायचं कारण नाही.

पण नंतरच्या दिवसांत दुसरी बाजूही बातम्यांत आली. आर्य गुरुकुलचे नेहमीचे मोठे खेळाडू परीक्षेमुळे आलेच नव्हते. त्यांच्या जागी बरीच लहान मुलं उतरली होती आणि त्यातल्या काहींना लेदरच्या चेंडूची सवयही नव्हती. मैदानाची एका बाजूची सीमारेषा खूप जवळ होती आणि वीसहून अधिक झेल सुटले. म्हणजे सामना सोळा वर्षांखालच्या दोन संघांत होता तो फक्त कागदावर.

त्या विक्रमाचं ओझं विक्रमवीरालाही पेलावं लागलं. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षी, अपेक्षेप्रमाणे धावा होत नसल्याने, ती थांबवावी अशी विनंती त्याच्या वडिलांनी स्वतःहून केली. हजार धावांनंतर लोक प्रत्येक डावात चमत्काराची वाट पाहू लागले. दुबळ्या गोलंदाजीविरुद्धचा विक्रम खेळाडूची खरी पातळी सांगत नाही, उलट ती झाकतो.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये हे नवीन आहे का?

अजिबात नाही. हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या मुंबईच्या जुन्या शालेय स्पर्धा मोठ्या धावसंख्यांसाठीच प्रसिद्ध आहेत.

फेब्रुवारी १९८८ : आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. 'डाव घोषित करा' असे इशारे सीमारेषेवरून येत होते आणि दोघांनी तिकडे पाहायचंच टाळलं, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. शारदाश्रमच्या २ बाद ७४८ ला उत्तर देताना सेंट झेवियर्स १४५ वर बाद झाले.

नोव्हेंबर २०१३ : रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या. त्याच्या संघाच्या ९९१ धावा झाल्या. समोरच्या सेंट फ्रान्सिस डीअसिसीचा पहिला डाव ९२ वर संपला होता.

१९८८ च्या सामन्यातले दोन तपशील मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मार खाणाऱ्या सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. पुढे तो मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटीही खेळला. म्हणजे एका सामन्यात धुलाई झाली म्हणून खेळाडू संपतोच असं नाही. दुसरा तपशील शारदाश्रमच्या तंबूतला. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला, त्याला खेळायला मिळालंच नाही. त्यामुळे एकतर्फी सामन्यात जिंकणाऱ्या संघातल्या मुलांचीही संधी जाते. दोघांनी तीनशे केल्या तर बाकीचे फक्त टाळ्या वाजवतात.

समोरच्या संघाने मैदान सोडलं तर?

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण पुण्यातलं आहे. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा सामना होता. काठियावाडच्या २३८ ला उत्तर देताना महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा तेव्हाचा प्रथम श्रेणीचा विक्रम नाबाद ४५२ चा होता. तो मोडायला फक्त दहा धावा हव्या होत्या.

उपाहाराच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. आपल्या संघाचं नाव अशा विक्रमाशी जोडलं जाऊ नये, असं त्यांना वाटलं. निंबाळकर तिथेच थांबले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच आहे आणि निंबाळकर कसोटी कधीच खेळले नाहीत.

मराठी वाचकाला यात ठाकूरसाहेब खलनायक वाटतात, ते साहजिक आहे. पण ज्या सामन्याचा निकाल ठरून गेला आहे, तो केवळ प्रतिस्पर्ध्याच्या विक्रमासाठी किती वेळ खेळत राहायचा? हा प्रश्न त्यांच्या नकारामुळे पुढे आला आणि तो अजून सुटलेला नाही.

रणजीत लहान संघ आल्यावर काय झालं?

२०१८-१९ च्या हंगामात रणजीत एकदम नऊ नवे संघ आले : बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी, सिक्कीम, मेघालय, मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि अरुणाचल प्रदेश. एकूण संघ झाले ३७. नव्या संघांना वेगळ्या 'प्लेट' गटात ठेवलं गेलं. तरी मोठ्या संघांशी त्यांची गाठ पडतेच, आणि त्यातून पुढचे निकाल आले.

मार्च २०२२ : झारखंडने नागालँडविरुद्ध ८८० धावा केल्या आणि नागालँडला २८९ वर बाद केलं. ५९१ ची आघाडी हातात असताना झारखंडने फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजी केली. आघाडी १००८ पर्यंत गेली. पहिल्या डावाच्या आघाडीवर पुढच्या फेरीत जाणं पक्कं होतं, त्यामुळे जिंकायची गरजच नव्हती. सामना अनिर्णित राहिला.

जून २०२२ : मुंबईने उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवलं. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात धावांच्या फरकाने मिळालेला हा सर्वात मोठा विजय ठरला.

नोव्हेंबर २०२४ : गोव्याच्या स्नेहल कौठणकर (नाबाद ३१४) आणि कश्यप बखले (नाबाद ३००) यांनी पर्वरीत अरुणाचलविरुद्ध ६०६ धावांची अखंड भागीदारी केली. गोवा एक डाव आणि ५५१ धावांनी जिंकला. लक्षात घ्या, हा सामना प्लेट गटातलाच होता. गट वेगळे केले तरी दरी राहू शकते.

मुलींच्या क्रिकेटमध्ये तर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागालँडचा १९ वर्षांखालील संघ केरळविरुद्ध सर्वबाद २ वर संपला. केरळने एक वाइड आणि एक चौकार, इतक्यात सामना संपवला.

मग नुकसान नेमकं कुणाचं?

दुबळ्या संघाचं नुकसान उघड आहे. तीस-चाळीस षटकं फक्त चेंडू आणत राहिलेलं मूल गोलंदाजी शिकत नाही. सराव दोन्ही बाजूंना मिळायला हवा.

बलवान संघाचं नुकसान चटकन दिसत नाही. चुकीचा फटका मारला तरी झेल सुटतो, म्हणून तो फटका चुकीचा आहे हे कळतच नाही. निवड समितीपुढे आकडे मोठे दिसतात, पण ते कुणाविरुद्धचे हे आकड्यांत दिसत नाही.

स्पर्धेचं नुकसान गुणतक्त्यात होतं. रणजीत डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर सातवा, बोनस गुण मिळतो. दुबळा संघ ज्याच्या वाट्याला आला त्याचा फायदा होतो आणि अशा संघाला चिरडण्याला बक्षीसही मिळतं.

गावाकडच्या शाळांचं काय?

शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. राळेगणसिद्धीसारख्या गावातल्या शाळेचा कबड्डी किंवा खो-खोचा संघ आधी पारनेर तालुक्यात खेळतो. तिथे जिंकला तर जिल्ह्याला जातो, आणि तिथे समोर रोज सराव करणारा, प्रशिक्षक आणि मॅट असलेला संघ असू शकतो. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. म्हणजे एक एकतर्फी हार झाली की वर्ष संपलं. वरच्या पातळीवरच्या कामगिरीला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे प्रश्न फक्त हौसेचा राहत नाही.

याच भागातल्या जत्रेच्या कुस्त्यांत मात्र एक जुनी समज आहे. आखाड्यात पंच आधी 'जोड' बघतात. वजन, वय, तयारी पाहून पैलवानांचे हात मिळवले जातात. बिनजोडीची कुस्ती लागली तर प्रेक्षकच ओरडतात. जोड जमली नाही तर बघण्यात मजा नाही, आणि दुबळ्या गड्याला इजा होऊ शकते, हे गावाला सांगावं लागत नाही.

बाहेरच्या जगात काय करतात?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये मोठी विद्यापीठं लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. मोठ्याला सोपा विजय मिळतो, लहानाला वर्षभराचा क्रीडा खर्च भागवायला रक्कम मिळते. १९१६ मध्ये जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० असं हरवलं होतं. कंबरलँडने संघ बंदच केला होता, पण न आल्यास दंड भरावा लागला असता म्हणून जमेल तशी मुलं गोळा करून पाठवली. याच पद्धतीत २००७ मध्ये अ‍ॅपलाचियन स्टेटने बलाढ्य मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२ असं हरवलं. दोन्ही सामने 'मोठा विरुद्ध लहान' असेच होते. फरक इतकाच की एक संघ नाइलाजाने आला होता, दुसरा तयारीने.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने विश्वचषक पात्रता फेरीत अमेरिकन सामोआवर ३१-० असा विजय मिळवला. त्यानंतर ओशनिया विभागात लहान देशांसाठी आधी वेगळी फेरी ठेवली गेली. २०११ मध्ये अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवून विश्वचषक पात्रता फेरीतला पहिला विजय नोंदवला. बेसबॉल-सॉफ्टबॉलमध्ये ठरावीक आघाडी झाली की सामना तिथेच संपवण्याचा नियम अनेक स्पर्धांत असतो.

लहान संघांना बाहेर ठेवणं हा उपाय आहे का?

नाही. जम्मू-काश्मीर अनेक वर्षं रणजीतला दुबळा संघ मानला जायचा. त्याने डिसेंबर २०१४ मध्ये वानखेडेवर मुंबईला हरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये, मुंबईकडून रोहित शर्मा खेळत असताना, पुन्हा मुंबईतच हरवलं. मोठ्यांशी खेळायला मिळालंच नसतं तर हे दिवस आले नसते. मेघालयचं उदाहरण उलटं आहे. प्लेट गटातून वर चढलेल्या मेघालयला त्याच २०२४-२५ च्या हंगामात मुंबईने एक डाव आणि ४५६ धावांनी हरवलं आणि संघ पुन्हा खाली गेला. पण तो वर आला होता तो स्वतः जिंकून, आणि पुन्हा वर यायची वाट उघडी आहे. हार मोठी असली तरी हा मार्ग न्याय्य आहे.

म्हणून एखादा सामना अपायकारक आहे की नाही हे धावांच्या फरकावरून ठरत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. दुबळा संघ पूर्ण तयारीने आणि योग्य वयाच्या खेळाडूंसह उतरला होता का? निकाल ठरल्यावर सामना थांबवायची काही सोय होती का? आणि हरणाऱ्याला त्यानंतर आपल्या पातळीचे आणखी सामने मिळणार होते का? कल्याणच्या सामन्यात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं 'नाही' अशी आहेत.

शालेय पातळीवर यावरचे उपाय फार खर्चिक नाहीत. संघ अपुरा असेल तर दंडाची किंवा बदनामीची भीती न ठेवता सामना सोडता यावा. पहिल्या डावाला षटकांची मर्यादा असावी. ठरावीक धावांनंतर फलंदाजाने निवृत्त होऊन पुढच्याला संधी द्यावी. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघांसाठी वेगळी छोटी फेरी ठेवावी, म्हणजे वर्षातून एकच सामना आणि तोही असा, हे टळेल.

पुढच्या वेळी कुणा शाळकरी मुलाच्या पाचशे किंवा हजार धावांची पोस्ट समोर आली, तर त्याचं कौतुक जरूर करा. शेअर करण्याआधी समोरच्या संघाची धावसंख्या आणि त्या मुलांची वयं एवढं मात्र बघून घ्या.