तिकीट गावाचं होतं, गाडीचं नव्हतं

आमच्या बाजारहत्नूरला रेल्वे कधी आलीच नाही. आबा मुंबईला निघाले की बोथवरून बैलगाडीनं किनवट गाठायचे. किनवट तेव्हा आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, 1956 साली ते नांदेडकडे गेलं. तिथून मुदखेड, मुदखेडहून मनमाड. निजामाच्या मुलखातली ही लाइन मीटर गेज, मुंबईची ब्रॉड गेज. म्हणून मनमाडला वळकटी डोक्यावर घेऊन उतरायचं आणि मोठ्या गाडीत चढायचं.

आबांचं तिकीट म्हणजे पुठ्ठ्याचा जाड तुकडा, बोटाच्या दोन पेरांएवढा. कडेला तारखेचा ठसा, चिमट्यानं पाडलेलं भोक. ते कनवटीला खोचलेलं असे. मागची गाडी रखडून मुंबईची चुकली तर आबा फलाटावर घोंगडी अंथरत आणि पुढच्या गाडीत त्याच तिकिटावर चढत. रात्र जायची, पैसा जात नसे.

पुढे आरक्षणानं तिकीट एका गाडीला, एका बर्थला बांधलं. प्रवास एकच, पण तिकिटं दोन. काही वर्षांपूर्वी आम्ही नवराबायको लेकीकडे निघालो. पहिली गाडी अडीच तास उशिरा पोचली, पुढची निघून गेली होती. खिडकीतून उत्तर आलं, "दोन्ही तिकिटं वेगळी आहेत, पैसे मिळणार नाहीत." मी मुकाट्यानं नवं तिकीट काढलं. ते अजून सलतं.

1 एप्रिल 2019 पासून अशा दोन तिकिटांचे पीएनआर क्रमांक जोडता येतात. पहिल्या गाडीच्या उशिरानं दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचं भाडं कपातीविना परत मिळतं. मात्र पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांत मागायला हवं. खिडकीवरचं तिकीट तिथंच जमा करायचं, मोबाइलवरच्या तिकिटासाठी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा. उशिराचं एक प्रकरण न्यायालयातही गेलं. 2016 मध्ये अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची भरपाई कायम केली. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेनं सिद्ध करायचं, असं न्यायालयानं ठणकावलं. हे वाचलं त्या दिवशी मला आबांची घोंगडी आठवली.

आता गावातली पोरं मोबाइलवर तिकिटं काढतात. मी प्रत्येकाला आधी विचारतो, दोन्ही पीएनआर जोडलेस का? आणि निघताना खिशात एक चिठ्ठी देतो: उतरल्याबरोबर घड्याळात किती वाजले, ते हिच्यावर लिही.