मोर्सची सक्ती गेली तेव्हा

अमेरिकेत 23 फेब्रुवारी 2007 पासून हॅम रेडिओच्या कोणत्याही परवान्यासाठी मोर्सची परीक्षा उरली नाही. आमच्या पिढीतल्या अनेकांना ती तारीख फार लागली होती. मी पुण्यात मिनिटाला बारा शब्दांची अट होती त्या काळात परवाना काढलेला माणूस. "आता कोणीही सोम्यागोम्या बँडवर येणार," हे ज्येष्ठांचं वाक्य मी हेडफोनमधून पुष्कळदा ऐकलंय. मोर्सवर माझा अतोनात जीव आहे, आणि तरीही मला ते वाक्य तेव्हाही पटलं नव्हतं.

मुळात ही अट आली समुद्रावरून. टायटॅनिक बुडाल्यानंतर त्याच वर्षी, 1912 साली, अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. तेव्हा सगळा बिनतारी व्यवहार मोर्समध्येच चाले. एखाद्या हौशी माणसाचा ट्रान्समीटर जहाजाच्या संकटसंदेशाच्या आड येत असेल, तर "बंद कर" असं त्याला मोर्समध्येच सांगावं लागे, आणि ते त्याला कळायला हवं. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांतही 30 मेगाहर्ट्झच्या खालच्या, म्हणजे मुख्यतः लघुलहरींच्या, बँडसाठी मोर्स सक्तीचं झालं. 1 फेब्रुवारी 1999 ला जहाजांची नवी उपग्रहाधारित संकटयंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सची जागा तिने घेतली. जहाजांसाठी आलेली अट आता फक्त हौशी लोकांच्या मानेवर उरली होती.

ती किती जड होती, हे वेगाच्या आकड्यांत दडलेलं आहे. अमेरिकेत परवान्याच्या पहिल्या पायरीला मिनिटाला 5, त्यावरच्या जनरलला 13 आणि सर्वांत वरच्या एक्स्ट्राला 20 शब्द लागत. शब्द म्हणजे सरासरी पाच अक्षरं. पाचच्या वेगाला एका अक्षराला जवळजवळ अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात डिट-डा, म्हणजे छोटे-मोठे सूर, मोजून, मनातल्या तक्त्यावर अक्षर शोधून कागदावर उतरवता येतं. तेराला ते अशक्य. तिथे 'सी' हा डा-डि-डा-डिट असा एकसंध सूर म्हणूनच कानात शिरावा लागतो. तक्ता पाठ करून शिकलेली माणसं दहाच्या आसपास अडकायची ती कायमची. एल आणि एफ एकमेकांचे उलटे, क्यू आणि वाय तसेच. मोजणाऱ्याचा घोटाळा तिथे हमखास व्हायचा. सर्किट कोळून प्यायलेले, स्वतः रेडिओसंच बांधणारे लोक या एका पेपरात वर्षानुवर्षं मागे राहिले. पाचची पायरी ओलांडणाऱ्याला तेराची तयारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागे, कारण आधीची सवयच आडवी यायची. परीक्षेच्या रचनेतली ही चूक मला आजही खटकते.

अमेरिकेतलं दार खरं म्हणजे 1991 सालीच किलकिलं झालं. त्या वर्षी टेक्निशियन परवान्यातून मोर्स वगळलं गेलं आणि माणसं 30 मेगाहर्ट्झच्या वरच्या व्हीएचएफ बँडच्या रिपीटरवर येऊ लागली. 2000 साली सगळ्या वरच्या परवान्यांसाठी पाचच शब्द ठेवले. 2003 मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ही अट ठेवायची की नाही, हे ज्या त्या देशावर सोपवलं. स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि जर्मनीने काही आठवड्यांतच ती काढून टाकली. म्हणून 2007 मध्ये अमेरिकेत बाहेरच्यांचा लोंढा आला, हे मला अर्धसत्य वाटतं. आधीच आत असलेले टेक्निशियन मोठ्या संख्येने जनरल झाले, आणि ज्या लघुलहरी ते नुसत्या ऐकत होते त्यांवर बोलू लागले. तिथले परवाने तेव्हा साडेसहा लाखांच्या आसपास होते, 2011 पर्यंत ते सात लाखांपुढे गेले.

मोर्स मात्र संपलं नाही. त्याचा सिग्नल जेमतेम दीडशे हर्ट्झ जागा घेतो, आवाजाला त्याच्या पंधरा-वीस पट लागते. चार-पाच ट्रान्झिस्टर आणि दोन वॅटमध्ये समुद्रापार संपर्क होतो. हा आनंद परीक्षेने दिलेला नव्हता, त्यामुळे परीक्षेबरोबर तो गेलाही नाही. स्पर्धांच्या शनिवार-रविवारी सीडब्ल्यूचा, म्हणजे मोर्सचा, पट्टा आजही खच्चून भरलेला असतो. कमकुवत सिग्नलचं काम 2017 पासून एफटी-8 या डिजिटल पद्धतीने बरंच ओढून घेतलं, हेही खरं. पण त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही.

भारताने 2003 नंतरही जनरल परवान्यासाठी मोर्स ठेवलं. वेग बारावरून आठवर आणला. मोर्सशिवाय रिस्ट्रिक्टेड परवाना मिळतो, पण त्याला अधिकार कमी. याचा परिणाम मी शिकवताना पाहतो. परीक्षेपुरते येणारे बरेच जण परवाना हातात पडला की मोर्सची की कपाटात टाकतात. स्वतःच्या ओढीने येणारे रात्र रात्र कान लावून बसतात. दोघांनाही मी पहिल्या दिवसापासून अक्षरं अठराच्या वेगाने ऐकवतो, मधली फट तेवढी मोठी ठेवतो, म्हणजे मोजायची सवयच लागत नाही. पण अँटेना, सर्किट आणि नियम येणाऱ्याला लघुलहरींवर पूर्ण अधिकार द्यावेत आणि मोर्स ऐच्छिक करावं, असंच मला वाटतं. शिकायला माझ्याकडे माणसं तेव्हाही येतील.