एका वेळी एकच थाळी : सिंगापूरचे ‘चार क्वे तिओ’

‘चार क्वे तिओ’ हा परतलेल्या नूडल्सचा पदार्थ सिंगापूर आणि मलेशियातील खाद्यविक्रेत्यांची ओळख मानला जातो. दक्षिण चीनमधून येथे स्थायिक झालेल्या होक्कियन आणि तिओचिऊ समाजांच्या बोलींत ‘चार’ म्हणजे परतलेले आणि ‘क्वे तिओ’ म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चपट्या पट्ट्या. डुकराची चरबी, शिंपले आणि नूडल्स हे स्वस्तात मिळणारे जिन्नस असल्याने प्रारंभी हे कष्टकऱ्यांचे अन्न होते.

आचेचे कौशल्य

लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापविली जाते. चरबीत किंवा तेलात लसूण परतून त्यात नूडल्स, सोया सॉस, मिरचीची चटणी आणि अंडे घालतात. कोळंबी, ‘लाप चोंग’ नावाचे चिनी सॉसेज, मुगाचे लांब मोड आणि लसणाच्या पातीसारखी चिनी पात यांचीही भर पडते. कोकणातील तिसऱ्यांची आठवण करून देणारे शिंपले अगदी शेवटी घातले जातात. अधिक शिजल्यास ते चिवट होतात.

प्रखर आचेमुळे पदार्थाला येणाऱ्या धुरकट गंधाला कँटोनीज भाषेत ‘वोक हेइ’, म्हणजे ‘कढईचा श्वास’, असे म्हणतात. कढईत अधिक माल घातला की तिचे तापमान उतरते, पाणी सुटते आणि नूडल्सचा लगदा होतो. त्यामुळे जाणकार विक्रेता एका वेळी एक-दोन थाळ्याच करतो आणि गाळ्यासमोर रांग लागते.

सिंगापूरमध्ये या नूडल्समध्ये गव्हाच्या पिवळ्या नूडल्स मिसळण्याची पद्धत असून गोडसर, दाट सोया सॉसमुळे थाळीला काळसर रंग येतो. मलेशियातील पेनांग बेटावर मात्र हा पदार्थ फिकट व कमी गोड असतो. तेथे काही ठिकाणी अद्याप कोळशाची शेगडी वापरतात, तर काही विक्रेते बदकाचे अंडे घालतात. या पदार्थाशेजारीच अनेक ठिकाणी भारतीय मुस्लिम विक्रेत्यांनी रुजविलेला ‘मी गोरेंग’ हा परतलेल्या नूडल्सचा तिखट प्रकारही मिळतो.

रस्त्यावरून केंद्राकडे

सिंगापूर सरकारने 1968-69 मध्ये रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांची नोंदणी केली. त्यानंतर 1971 ते 1986 या काळात त्यांना पाणी, सांडपाणी आणि वीज यांची सोय असलेल्या सामायिक केंद्रांत हलविण्यात आले. आज देशात अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. मोकळ्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवून जागा धरण्याचा तेथे रिवाज आहे. 2021 पासून जेवणानंतर ताट-भांडी परत नेऊन ठेवणे बंधनकारक झाले आहे. शिंपले नको असल्यास किंवा तिखट कमी हवे असल्यास मागणी नोंदवितानाच सांगावे लागते. डुकराची चरबी वर्ज्य असणाऱ्यांनी हलाल गाळा निवडावा.

पुढची पिढी कोठे आहे?

युनेस्कोने डिसेंबर 2020 मध्ये सिंगापूरच्या खाद्यविक्रेता संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तथापि, या विक्रेत्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास आहे. दिवसभर आचेसमोर उभे राहण्याचे हे काम सुशिक्षित मुलांना नकोसे वाटते. थाळी स्वस्तच असावी, अशी ग्राहकांची अपेक्षा असते, तर जिन्नसांचा खर्च वाढत जातो. थाळ्या एकेक करूनच परताव्या लागत असल्याने विक्री वाढवूनही ही तूट सहज भरून निघत नाही.

नवोदितांसाठी सरकारने 2018 पासून सवलतीच्या भाड्यात सज्ज गाळे देण्याची योजना राबविली आहे. त्यापाठोपाठ, निवृत्त होणाऱ्या विक्रेत्याने आपली कृती इच्छुक वारसाला शिकवावी, यासाठीही योजना आखण्यात आली. कृती कागदावर उतरविता येते. मात्र आच केव्हा वाढवावी आणि कढई केव्हा उतरवावी, हे जुन्या विक्रेत्याशेजारी उभे राहूनच शिकावे लागते.