दिरंगाई, दीर्घसूत्री आणि वेळकाढू

चेन्नईतील अण्णा नगर हा भाग स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी ओळखला जातो. तेथे तयारी करणाऱ्या मराठी मुलांना इंग्रजी शब्दसंग्रहात ‘डायलेटरी’ हे विशेषण भेटते. ‘विलंबकारी’ हा अर्थ परीक्षेपुरता पुरेसा आहे. परंतु ज्यांना उद्या नस्त्या हाताळायच्या आहेत, त्यांनी या शब्दाचा इतिहासही पाहावा.

लॅटिनमधील ‘पुढे ढकलणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आलेला हा शब्द इंग्रजी न्यायालयांत रुळला. वादाच्या गुणदोषांना स्पर्श न करता तो केवळ लांबविणाऱ्या हरकतीस हे विशेषण लावीत. विलंब येथे स्वभाव नसून साधन आहे.

मराठीत या अर्थाच्या आसपासचे तीन शब्द आहेत. संस्कृतातील ‘दीर्घसूत्री’ गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याचे लक्षण म्हणून येतो. त्याचा रोख वृत्तीवर आहे. फारसी ‘दिरंग’पासून झालेली ‘दिरंगाई’ विलंब घडल्याची नोंद करते, हेतू सांगत नाही. ‘वेळकाढू’ मात्र नेमके हेतूवर बोट ठेवतो. डायलेटरीचा खरा प्रतिशब्द तोच.

महाराष्ट्राने बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध यांसाठी केलेल्या 2005च्या अधिनियमाला लोकांनी ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हटले. त्याच्या कलम 10 नुसार सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या 7 दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. अन्य विभागाकडे पाठविण्याची गरज नसल्यास 45 दिवसांत, गरज असल्यास 3 महिन्यांत निर्णय व्हावा. हेतुपुरस्सर विलंबास शिस्तभंगाची कारवाई आहे.

तथापि, सहाव्या दिवशी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून परत केलेली नस्ती 7 दिवसांची मर्यादा पाळते. अर्जदार मात्र होता तेथेच राहतो. ‘अभिप्रायार्थ’ अन्य विभागाकडे धाडली की 45 दिवसांचे 3 महिने होतात. प्रत्येक पाऊल नियमात बसते, म्हणून हेतू सिद्ध करणे कठीण. दिवस मोजून दिरंगाई सापडते. वेळकाढूपणा ओळखण्यासाठी शेरा वाचावा लागतो. त्याला कसोटी त्या जुन्या न्यायालयांचीच लावावी: हा शेरा प्रकरणाच्या गुणदोषांना स्पर्श करतो काय? करीत नसेल, तर नस्ती मुदतीत असूनही नागरिकाचे काम अडलेलेच आहे.