उडी आधी जमिनीवर: फिगर स्केटिंगच्या सरावाची गोष्ट

फिगर स्केटिंगचे व्हिडिओ बघताना आपल्याला दिसतो तो चकचकीत बर्फ, गिरक्या आणि उड्या. पण नवशिके स्केटर्स बराच सराव बर्फाबाहेर करतात, तोही साध्या बुटांत. दोरीवरच्या उड्या, एका पायावर तोल सांभाळणं, आरशासमोर बॅले. याला म्हणतात ऑफ-आइस ट्रेनिंग. पण बर्फावरच्या खेळासाठी जमिनीवर घाम गाळायची वेळ का आली? आजचा भाग त्यावरच.

सुरुवात करूया जॅक्सन हेन्सपासून. हा अमेरिकन माणूस नाचही शिकलेला होता. त्या काळी स्केटिंग म्हणजे ताठ उभं राहून बर्फावर आकृत्या काढणं. हेन्सनं त्यात बॅलेची लय आणली. अमेरिकेत हे फारसं कुणाला रुचलं नाही, म्हणून १८६०च्या दशकात तो युरोपात गेला. व्हिएन्ना तर वॉल्ट्झचं शहर! तिथं लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. म्हणजे बघा, आजच्या फिगर स्केटिंगचं मूळ नाचाच्या फरशीवर आहे. पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारी नॉर्वेची सोन्या हेनी, तीही लहानपणी बॅले शिकलेली.

तरीही कित्येक दशकं खरी सत्ता होती आकृत्यांचीच. बर्फावर इंग्रजी आठच्या आकाराच्या रेषा काढायच्या आणि परीक्षक वाकून वाकून त्या तपासणार! एके काळी ६० टक्के गुण यालाच असायचे. १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी आली, तरी सुवर्णपदक तिलाच मिळालं, कारण तिच्या आकृत्या अफाट होत्या. टीव्हीसमोरचे प्रेक्षक मात्र चक्रावले. मग आकृत्यांचं वजन घटत गेलं आणि १९९०नंतर जागतिक स्पर्धांतून त्या बादच झाल्या.

आता निकाल ठरवू लागल्या उड्या. १८८२ साली व्हिएन्नात नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सननं दीड फेरीची उडी मारली होती. २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिननं तीच उडी साडेचार फेऱ्यांची केली!

इथं थोडं गणित. तुम्ही ४५ सेंटिमीटर उंच उडालात, तर हवेत राहता जेमतेम ०.६ सेकंद. तेवढ्यात सगळ्या फेऱ्या मारून, पाठमोरं, एकाच पायावर उतरायचं. हे थेट बर्फावर शिकायचं म्हणजे आपटणं आलंच. शिवाय बर्फावरचा वेळ मोजून मिळतो आणि महागही असतो. जमीन फुकट आणि न घसरणारी!

म्हणून नवशिक्यांना आधी जमिनीवर काय करायला लावतात? एका पायावर उभं राहून गुडघा हळू वाकवायचा, आणि तो आत झुकू द्यायचा नाही. मग वॉल्ट्झ जंप: डाव्या पायावरून पुढे उडायचं, अर्धी फेरी घ्यायची, उजव्या पायावर पाठमोरं उतरायचं. उतरल्यावर गुडघा वाकलेला, हात पसरलेले, मोकळा पाय मागे. तसंच तीन सेकंद थांबायचं. डगमगलात तर पुन्हा! फेऱ्या वाढतात त्या हे जमल्यावरच.

अर्थात जमिनीवर सगळं शिकता येत नाही. पात्याच्या कडेवरचा तोल आणि घसरतानाचा वेग बर्फच शिकवतो. पण आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या, चाकांच्या स्केट्सवर शिकणाऱ्या पोरांसाठी यात मोठी गोष्ट आहे. बर्फाचं रिंक हजार किलोमीटर लांब असलं, तरी उतरणं पक्कं करायला घरासमोरचं अंगण पुरतं. फक्त पायात चांगले बूट हवेत, आणि सुरुवातीला लक्ष ठेवणारं कुणीतरी जाणकार.

भाग आवडला तर स्केटिंगच्या क्लासला जाणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!