पेद्रो कारोलिनोचं इंग्रजी

"आय प्रिटेंड टू फिनिश इट टुमॉरो."

२०११ सालची गोष्ट. रात्री साडेनऊचा कॉल. इकडे पुण्यात आम्ही चौघं, तिकडे अमेरिकेत क्लायंटचा मॅनेजर आणि ब्राझीलमध्ये आमचा एक सहकारी. वरचं वाक्य त्याचं. दोन सेकंद कोणीच बोललं नाही. मग मॅनेजर थंडपणे म्हणाला, "डोन्ट प्रिटेंड. जस्ट फिनिश इट." आम्ही चौघांनी म्यूटचं बटण दाबून मनसोक्त हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी मेल आली की रिलीजच्या कामात गंभीर माणूस हवा, आणि त्या बिचाऱ्याला त्यातून काढलं. मोड्यूल खरं तर जवळजवळ पूर्ण झालेलं होतं. मला ते माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

पुढे कधीतरी सहज म्हणून पोर्तुगीज शिकायला घेतलं तेव्हा पाचव्या की सहाव्या धड्यात 'प्रेतेन्देर' हे क्रियापद भेटलं. अर्थ : मनसुबा असणे, इरादा असणे. म्हणजे गडी सरळ सांगत होता की उद्या संपवायचा माझा इरादा आहे. चांगलाच चरकलो. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय, की पोर्तुगीज बोलणारा माणूस इंग्रजी क्रियापदांशी कसा झगडतो आणि किती वर्षांपासून झगडतोय. चारपाच विकांत त्यातच गेले. त्यातलं जे रंजक वाटलं ते इथे मांडतो. चू.भू.द्या.घ्या.

आधी अडचण नेमकी काय ते बघू. पोर्तुगीजमध्ये भूक 'असते'. म्हणजे 'माझ्याकडे भूक आहे' अशी वाक्यरचना. वयही तसंच, 'माझ्याकडे तीस वर्षं आहेत'. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच भुकेला असतो आणि स्वतःच तीस वर्षांचा असतो. (आपल्याकडे भूक 'लागते' आणि ताप 'येतो'. आपण बिचारे कशातच नाही.) 'फझेर' हे एकच क्रियापद, त्याचे इंग्रजीत 'डू' आणि 'मेक' असे दोन तुकडे होतात, आणि कुठे कोणता वापरायचा याला धड नियम नाही. होमवर्क 'डू' करायचा, पण चूक 'मेक' करायची. 'इश्पेरार' या एका शब्दात वाट पाहणे, आशा करणे आणि अपेक्षा करणे असे तिन्ही अर्थ आहेत, त्यामुळे पत्राच्या शेवटी 'आशा आहे' लिहायचं तिथे 'वाट पाहतो' पडतं. आणि दारावरची पाटी! 'ओढा' याला पोर्तुगीजमध्ये 'पुशे'. इंग्रजी दुकानात 'पुश' वाचून दार स्वतःकडे ओढत उभा राहिलेला ब्राझिलियन हा त्यांच्याकडचा हुकमी विनोद आहे.

बरं, हे दोन समाज एकमेकांना अनोळखी नाहीत. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांची मैत्री चौदाव्या शतकातली. १६६१ च्या विवाहकरारात ब्रागांझाची कॅथरीन दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि हुंड्यात आपली मुंबई गेली. प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ मध्ये, कारण करारातल्या शब्दांचा अर्थ काय, नुसतं बेट की साष्टीसकट, यावरून दोन्ही बाजू भांडत बसल्या. म्हणजे पोर्तुगीज-इंग्रजी गैरसमजाच्या पायावर आपण आज लोकल पकडतो असं म्हणायला हरकत नाही. पुढे १७०३ च्या मेथ्युएन करारानं इंग्रजी लोकरी कापड लिस्बनला आणि पोर्तुगीज वाइन लंडनला जाऊ लागली. व्यापार आला की भाषा शिकणं आलंच. १७३१ मध्ये लंडनमध्ये कास्त्रो नावाच्या गृहस्थाचं दोन्हीकडच्या लोकांसाठी व्याकरण निघालं आणि १७७३ मध्ये व्हिएराचा जाडजूड कोश. ब्राझीलमध्ये तर थेट सरकारी हुकूमच निघाला. नेपोलियनच्या धास्तीनं पोर्तुगालचा राजदरबार १८०८ मध्ये रिओला पळाला, बंदरं इंग्रजी व्यापाऱ्यांना खुली झाली, आणि १८०९ च्या जूनमध्ये राजपुत्र जुआंवनं फ्रेंच आणि इंग्रजी शिकवायला शिक्षक नेमण्याचा आदेश काढला.

फ्रेंच आणि इंग्रजी. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. एकोणिसाव्या शतकातला शिकलेला पोर्तुगीज माणूस आधी फ्रेंच शिकायचा. पोर्तुगीज पुस्तकंही बरीच पॅरिसमध्ये छापली जायची. तिथेच जुझे द फोन्सेका नावाच्या अभ्यासू गृहस्थानं १८३६ मध्ये पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणाची एक मार्गदर्शिका काढली होती. चांगली, कामाची. १८५५ मध्ये तशीच एक पोर्तुगीज-इंग्रजी मार्गदर्शिका बाजारात आली. तिच्यावर फोन्सेकाबरोबर आणखी एक नाव होतं : पेद्रो कारोलिनो.

या कारोलिनोबद्दल फारसं काही हाती लागत नाही. अभ्यासकांचा सर्वसाधारण समज असा, की त्याला इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतं. त्यानं फोन्सेकाची पोर्तुगीज-फ्रेंच मार्गदर्शिका समोर ठेवली, शेजारी एक फ्रेंच-इंग्रजी कोश ठेवला, आणि शब्दाला शब्द लावत गेला. फोन्सेकाचा यात हात नसावा, त्याचं नाव वजनासाठी वापरलं असावं.

आपल्यापैकी ज्यांनी जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. एक कन्व्हर्टर थोडी माती करतो. पण एकाचं आउटपुट दुसऱ्याला दिलं की जोडाक्षरांचा जो काही चिवडा होतो, तो मूळ लेखकालाही ओळखता येत नाही. आणि एररही येत नाही! कन्व्हर्टर आपला शेवटपर्यंत चालतो आणि 'डन' म्हणतो.

सगळ्यात प्रसिद्ध चिवडा एका वाक्प्रचाराचा. एखाद्याची ताटकळत वाट पाहत बसणं याला जुन्या फ्रेंचमध्ये एक बोली वाक्प्रचार आहे, त्यात 'मार्मो' नावाचं काहीतरी कुरतडायचं असतं. मार्मो म्हणजे पोर, किंवा जुन्या अर्थानं माकड. फ्रेंच माणसाच्या डोळ्यांसमोर यातलं काहीच येत नाही, त्याला फक्त दारात खोळंबलेला मनुष्य दिसतो. कारोलिनोनं कोश उघडला, कुरतडण्याचं क्रियापद शोधलं, माकडाची एक छोटी जात शोधली, आणि इंग्रजीत एक असा वाक्प्रचार जन्माला घातला ज्यात वाट पाहण्याचा मागमूस नाही, नुसतं एक माकड कडाकडा चावलं जातंय. 'भिंतींनाही कान असतात' हे आपल्यासारखंच पोर्तुगीजमध्येही आहे. त्याचं करताना कान गेले आणि भिंतींकडे ऐकीव बातमी उरली. विशेष म्हणजे ही सगळी रत्नं पुस्तकाच्या शेवटी वाक्प्रचार आणि म्हणींच्या खास विभागात आहेत. म्हणजे जिथे सर्वात जास्त जपून चालायचं तिथेच गडी सर्वात बिनधास्त.

इंग्रज हसले. नुसते हसले नाहीत, १८८३ मध्ये लंडनला त्यातले निवडक उतारे स्वतंत्र पुस्तक म्हणून छापले, 'इंग्लिश ॲज शी इज स्पोक' या नावानं. (हे शीर्षक कारोलिनोचं नव्हे, इंग्रज प्रकाशकाची करामत.) त्याच वर्षी अमेरिकेतही आवृत्ती निघाली, तिला प्रस्तावना साक्षात मार्क ट्वेनची. तिथून आजवर हे पुस्तक विनोदी वाङ्मय म्हणूनच विकलं जातंय.

मीही हसलोच. पण मग त्या रात्रीचं म्यूटचं बटण आठवलं. आणि वाटलं, की कारोलिनोचा दोष अज्ञानाचा तर आहेच, शिवाय अज्ञान दडवून पुस्तक खपवण्याचाही आहे. त्याच्या पुस्तकावर विसंबून एखादा तरुण कारकून लंडनच्या बोटीत बसला असेल तर त्याचं काय झालं असेल? त्याच्या हशाची आवृत्ती कोणी काढली नाही.

इंग्रजांनाही आपल्या क्रियापदांचा तिढा ठाऊक होता, बरं का. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत, म्हणजे कारोलिनोच्या बरोबर शंभर वर्षं आधी, कबूल केलंय की क्रियापदाच्या मागे एक छोटा शब्द चिकटवून अर्थच बदलायची इंग्रजीची जी खोड आहे, तिचा परक्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे. 'पुट अप विथ'मध्ये तर पुट, अप, विथ या तिघांपैकी कोणालाच 'सहन करणे' माहीत नाही. या प्रकाराला 'फ्रेझल व्हर्ब' हे आज रुळलेलं नाव छापात आलं ते १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. त्याला ते ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीनं सुचवलं होतं.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. 'मी नको ते बोलून बसलो' यात कोणीही बसलेलं नसतं. 'एकदाचं सांगून टाक' यात काही टाकायचं नसतं. हे परक्याला समजावून बघा!

पोर्तुगीज भाषकाची खरी गोची पुढे आहे. त्याची भाषा लॅटिनची लेक. त्यामुळे इंग्रजीतले भारदस्त शब्द त्याला फुकटात मिळतात : टॉलरेट, कंटिन्यू, डिस्कव्हर, एन्टर, सगळे घरचेच. आणि पोरंसोरं वापरतात ते पुट अप, गो ऑन, फाइंड आउट, गो इन हे मात्र डोंगराएवढे. परिणामी तो बोलतो ते कोर्टाच्या समन्ससारखं. सोपं अवघड आणि अवघड सोपं.

याचं सर्वात उंच उदाहरण म्हणजे कवी फर्नांदो पेसोआ. सावत्र वडील पोर्तुगालचे वकील म्हणून दक्षिण आफ्रिकेत डर्बनला होते, त्यामुळे पोराचं शिक्षण इंग्रजीत. १९०३ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला इंग्रजी निबंधाचं व्हिक्टोरिया राणीच्या नावाचं बक्षीस मिळालं. १९०५ मध्ये लिस्बनला परतल्यावर त्यानं पोट भरलं ते व्यापारी पेढ्यांची इंग्रजी-फ्रेंच पत्रं लिहून, म्हणजे आपल्या भाषेत फ्रीलान्सर. १९१८ मध्ये त्यानं इंग्रजी सुनीतं छापली. लंडनच्या समीक्षकाला इंग्रजी उत्तम वाटलं, पण शेक्सपिअरच्या जमान्यातलं. कारोलिनोला कोश नडला, याला ग्रंथालय.

थोडं घराजवळचं. गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज अंमल असला तरी अस्खलित पोर्तुगीज बोलणारा वर्ग लहानच, बाकीच्यांची कोकणी. पण नोकऱ्या होत्या ब्रिटिश मुंबईत, बोटींवर, पुढे आफ्रिकेत, आणि तिथे पोर्तुगीजला कोण विचारतो? १८७८ च्या तहानंतर मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे झाली, जाणंयेणं वाढलं, आणि १८८० च्या दशकात बार्देशात हडफड्याला इंग्रजी शाळा निघाली. पोर्तुगीज राज्यात राहून पोरांना इंग्रजी क्रियापदं घोकायला लावणारे ते आईबाप व्यवहारी होते. ज्यांनी लिसेवमध्ये पोर्तुगीजवर भिस्त ठेवली, त्यांच्यावर १९६१ च्या डिसेंबरनंतर एकदम पाळी आली. चाळिशीत नवीन भाषेत अर्ज लिहायचा, आणि तोही आपल्याच गावात.

असो. हे लिहिता लिहिता माझाही एक प्रसंग आठवला. त्याच क्लायंटच्या कॉलवर ओळख करून देताना मी ऐटीत म्हणालो होतो, "आय पास्ड आउट इन टू थाउजंड फोर." मॅनेजरनं काळजीनं विचारलं, आता तब्येत बरी आहे ना? 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणे, हे मला तेव्हा कळलं. मला मात्र कोणी कामावरून काढलं नाही.

गेल्या वर्षी त्या ब्राझिलियन मित्राला शोधून मेल केली. प्रेतेन्देरचं सांगितलं, उशिरा का होईना पण गप्प बसल्याची माफी मागितली. त्याचं उत्तर आलं, की त्या दिवशी आपलं काय चुकलं हे त्याला माझी मेल येईपर्यंत माहीतच नव्हतं. आपल्याला काम जमलं नाही म्हणून काढलं असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. मग बराच वेळ त्यावर कोणीच काही लिहिलं नाही. शेवटी विषय बदलायला मी त्याला बटाटा, पाव, चावी, लिलाव, घमेलं अशी आमच्याकडे आलेल्या त्यांच्या शब्दांची यादी पाठवली. 'पगार'पाशी तो अडला. "हे तर क्रियापद आहे," त्यानं लिहिलं, "पैसे देणे. तुम्ही लोक ते महिन्यातून एकदाच वापरता?"